टायरच्या हवेचा गेज: कोणता घ्यावा आणि किती विश्वास ठेवावा



मागच्या भागात आपण टायरच्या भिंतीवर छापलेले आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. आज टायरच्या आतल्या हवेकडे वळू आणि ती मोजणाऱ्या एका छोट्या साधनाकडे पाहू. ते म्हणजे प्रेशर गेज. किंमत दोन-तीनशे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत. आकार मुठीत मावेल एवढा. पण बहुतेक घरांत पन्नास इंची टीव्ही असतो आणि हा गेज नसतो.

लोक मला विचारतात, "सर, कुठल्या कंपनीचा गेज घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगणार नाही. मॉडेलं बंद होतात, नवी येतात, आणि एकाच नावाखाली नकली मालही विकला जातो. त्याऐवजी गेज पारखायचा कसा ते सांगतो. म्हणजे तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा, इंदुरात असा किंवा इथे बेंगळुरूत, दुकानात उभं राहून तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. जगातला प्रत्येक गेज थोडाफार चुकतो. चांगला गेज तो, ज्याची चूक लहान असते, दर वेळी तेवढीच असते आणि किती आहे ते तुम्हाला माहीत असतं. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

टायर गाडीचं वजन पेलतो असं आपण म्हणतो, पण खरं वजन पेलते ती आतली हवा. हवा कमी झाली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसंच इथे होतं. वेग ताशी १०० किलोमीटर असेल तर साधारण कारचं चाक मिनिटाला ८०० ते ९०० फेरे घेतं. तेवढ्या वेळा ती भिंत वाकते आणि सरळ होते. उष्णता साठत जाते, रबर आणि आतले धागे यांची पकड सुटू लागते, आणि मग एका क्षणी टायर फाटतो.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे: उन्हाळ्यात हवा गरम होऊन फुगते, म्हणून टायर फुटू नये यासाठी दोन-चार पॉइंट कमी ठेवावी. हा समज धोक्याचा आहे. गाडी चालल्यावर टायरमधला दाब चार-सहा पीएसआयने वाढतो हे खरं, पण टायर बनवणाऱ्यांनी ती वाढ हिशोबात धरलेलीच असते. कारच्या टायरवर कमाल दाब बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय असा छापलेला असतो. ३३ चे ३८ झाले म्हणून चांगला टायर फुटत नाही. मात्र ३३ च्या जागी २६ ठेवून मे महिन्यात भर दुपारी सलग दोन तास गाडी पळवली, तर ती भिंत आतून शिजते. म्हणजे फुटू नये म्हणून केलेला उपायच टायर फुटण्याचं कारण होतो.

याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर ते मोठ्या संख्येने बसवलेले होते. धावताना टायरचा वरचा पट्टा सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्ये दोष होतेच, पण वाद हवेवरही झाला. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय सांगितलं होतं, तर फायरस्टोनचं म्हणणं ३० हवं असं होतं. चार पीएसआयचा फरक दोन बलाढ्य कंपन्यांच्या भांडणाचा विषय झाला. आपल्या पेट्रोल पंपावरच्या आणि घरच्या गेजमध्ये तेवढा फरक सहज असतो, आणि आपण त्याकडे लक्षही देत नाही.

आपल्याकडे समृद्धी महामार्ग घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. काँक्रीटचा सरळ रस्ता, कारसाठी वेगमर्यादा १२० आणि विदर्भ-मराठवाड्याचं ऊन. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाला प्रवेशद्वारांवर टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. गुळगुळीत टायर डोळ्यांना दिसतो. कमी हवा मात्र दिसत नाही. रेडियल टायरची भिंत योग्य हवेतही खाली थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे २६ आणि ३३ मधला फरक नुसत्या नजरेला कळत नाही. लाथ मारून किंवा अंगठा दाबून तर अजिबात कळत नाही.

लष्करात रोज सकाळी गाडी हलण्याआधी ड्रायव्हर "फर्स्ट परेड" करतो: तेल, पाणी, हवा, नटबोल्ट. त्यात हवा "बरी दिसते" असं उत्तर चालत नाही, आकडा सांगावा लागतो. आपल्या घरच्या गाडीलाही हीच शिस्त लावायची आहे.

डॅशबोर्डवरचा दिवा म्हणजे गेज नव्हे

आता काही जण म्हणतील, आमच्या गाडीत टीपीएमएस आहे, हवा कमी झाली की दिवा लागतो. चांगलं आहे. पण तो दिवा कधी लागतो हे बघा. फायरस्टोन प्रकरणानंतर अमेरिकेने जो नियम केला, त्यात सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा मिळाला पाहिजे अशी अट आहे. ३३ चे २५ टक्के कमी म्हणजे जवळपास २५ पीएसआय. म्हणजे ३० झाले, २८ झाले, तरी दिवा गप्प राहू शकतो. शिवाय काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतोच. चाकांच्या फेऱ्यांतल्या फरकावरून गाडी अंदाज करते. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर तिला ते कळणं अवघड जातं. दिवा हा आग लागल्यावर वाजणारा भोंगा आहे. रोजची तपासणी गेजनेच करायची.

गेजचे तीन प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला पेन गेज. पेनासारखी नळी, व्हॉल्व्हवर दाबली की मागून आकडे लिहिलेली पट्टी बाहेर येते. आत एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग. हवा दट्ट्याला ढकलते, स्प्रिंग अडवते. रचना इतकी साधी की बॅटरी नको, काच नको, खिशात पंधरा वर्षं राहतो. दोष असा की दट्ट्या नळीला घासत सरकतो. धूळ गेली, वंगण सुकलं की पट्टी कधी ३० ला थांबते, कधी ३२ ला. पट्टीवरच्या खुणाही एक-दोन पीएसआयच्या अंतराने असतात. आणीबाणीसाठी उत्तम, पण बारीक मापाला अपुरा.

दुसरा डायल गेज, काट्याचा. याच्या पोटात बोर्डन नळी असते. युजीन बोर्डन या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आजही कारखान्यांतल्या बॉयलरपासून गॅस सिलिंडरच्या गेजपर्यंत तीच वापरतात. जत्रेत कागदी पिपाणी मिळते ना, फुंकली की गुंडाळी उलगडते? तत्त्व तेच. चपटी, वाकवलेली पितळी नळी. आत हवा शिरली की ती किंचित सरळ होऊ पाहते. ती हालचाल छोट्या दांडीतून आणि दातेरी चाकातून काट्यापर्यंत जाते. चांगल्या डायल गेजची सवय स्थिर असते. आज ३३ ला ३४ दाखवत असेल तर सहा महिन्यांनीही बहुधा तेवढंच दाखवेल. त्याचा शत्रू एकच, जमिनीवर पडणं. आदळल्यावर ती दांडी किंवा दाते हलले की काटा कायमचा सरकतो.

तिसरा डिजिटल. यात सिलिकॉनचा बारीक पडदा असतो. दाबाने तो ताणला की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून आकडा तयार होतो. चांगला सेन्सर खरोखर अचूक असतो, अंधारात वाचता येतो, वयस्कर डोळ्यांना सोयीचा. दोष दोन. बॅटरी उतरली की आकडा भरकटू शकतो. आणि दशांश चिन्हापुढचा आकडा पाहून आपला उगाच विश्वास बसतो. पडद्यावर ३२.७ दिसलं म्हणजे तो दशांशापर्यंत बरोबर आहे असं नाही. घड्याळाला सेकंदकाटा असला तरी ते दहा मिनिटं पुढे असू शकतं. पाकिटावर "रिझोल्यूशन ०.१" लिहिलेलं असेल तर ती फक्त आकड्याची पायरी. अचूकता वेगळी लिहिलेली असली पाहिजे. ती लिहिलेली नसेल तर गेज परत ठेवा.

अचूकतेचं गणित

आता जरा लक्ष द्या, कारण गेज निवडताना सर्वांत मोठी फसगत इथे होते.

गेजची अचूकता टक्क्यांत सांगतात. पण ते टक्के तुम्ही मोजत असलेल्या आकड्याचे नसतात. काट्याच्या गेजमध्ये ते पूर्ण डायलचे असतात. अमेरिकेच्या एएसएमई संस्थेच्या मानकात "ग्रेड बी" नावाचा साधा दर्जा आहे. त्यात डायलच्या मधल्या अर्ध्या भागात २ टक्के आणि दोन्ही टोकांच्या पाव-पाव भागात ३ टक्के चूक चालते.

समजा तुमच्या गाडीला ३३ पीएसआय हवेत. दुकानात एकाच दर्जाचे दोन गेज आहेत, एक ० ते ६० चा, दुसरा ० ते १६० चा. ६० च्या डायलवर ३३ मधल्या भागात येतं. चूक ६० चे २ टक्के, म्हणजे १.२ पीएसआय. १६० च्या डायलवर पहिला पाव भाग ४० पर्यंत, म्हणजे ३३ टोकाच्या भागात पडलं. चूक १६० चे ३ टक्के, म्हणजे ४.८ पीएसआय. दर्जा तोच, कदाचित किंमतही तीच, पण चूक चौपट. आणि आपण मात्र विचार करतो, १६० वाला घ्यावा, जास्त मोजतो!

म्हणून नियम सोपा: तुमचा नेहमीचा आकडा डायलच्या मधोमध आला पाहिजे. कार, स्कूटर, मोटारसायकल यांना साधारण २२ ते ४२ पीएसआय लागतात, त्यांना ० ते ६० चा गेज योग्य. ट्रक-बससाठी १०० च्या पुढे लागतं, त्यांना १६० किंवा वरचा. एक अडचण लक्षात ठेवा. हल्ली बऱ्याच गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते आणि तिच्यावर ६० पीएसआय लिहिलेलं असतं. ६० चा गेज तिथे टोकाला जातो. तेवढ्यासाठी १०० चा स्वस्त पेन गेज वेगळा ठेवा. मुख्य गेजची अचूकता स्टेपनीपायी घालवू नका.

किती चूक चालेल? मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ओआयएमएलने, वाहनांच्या टायर गेजसाठी शिफारस क्रमांक २३ केली आहे. तिच्यात ४ बारपर्यंत ०.०८ बार चूक मान्य आहे, म्हणजे सव्वा पीएसआयपेक्षा किंचित कमी. हाच आपला निकष धरा. ३३ ला एक-सव्वा पीएसआय इकडेतिकडे चालेल. दोन म्हणजे जास्त. तीन असेल तर तो गेज मुलांना खेळायला द्या.

काट्याच्या गेजवर कधी "क्लास १.६" किंवा "क्लास २.५" असं छापलेलं असतं. तेही पूर्ण डायलचे टक्के. ६० च्या डायलवर क्लास १.६ म्हणजे जेमतेम १ पीएसआय, क्लास २.५ म्हणजे दीड. आपल्याकडे बोर्डन गेजसाठी आयएस ३६२४ हे भारतीय मानक आहे. डायलवर त्याचा उल्लेख असेल तर चांगली खूण समजा.

दुकानात काय बघायचं

बेंगळुरूत गाडीच्या सामानासाठी जे. सी. रोड प्रसिद्ध आहे. तुमच्या गावातही असा एखादा रस्ता असेलच. तिथे गेज हातात घेऊन बघता येतो, आणि माझा आग्रह आहे की बघूनच घ्या. या गोष्टी तपासा.

काटा शून्यावर आहे का? काही गेजमध्ये शून्याजवळ बारीक खिळा असतो आणि काटा त्यावर टेकतो. तिथे काटा खाली सरकला असला तरी कळत नाही. खिळा नसलेला गेज आपलं दुखणं लपवत नाही, तो पसंत करा.

व्हॉल्व्हवर बसणारं तोंड पितळी आहे का? प्लास्टिकचं तोंड झिजतं, मग हवा फुसफुसते आणि आकडा कमी दिसतो. मोटारगाड्यांना आज जो व्हॉल्व्ह असतो त्याचं पेटंट श्राडर कंपनीचं, १८९३ सालचं. म्हणजे तोंडाचं माप सगळीकडे एकच. नीट बसत नसेल तर दोष गेजचा.

लवचिक नळी आहे का? स्कूटरच्या छोट्या चाकात किंवा मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकच्या बाजूने सरळ गेज शिरतच नाही. वीत-दीड वीत नळी आणि काटकोनातलं तोंड असेल तर घरातली सगळी वाहनं एकाच गेजवर होतात.

हवा सोडायचं बटण आहे का? हे फार उपयोगी आहे, कसं ते पुढे सांगतो. आकडा धरून ठेवायची सोयही हवी, म्हणजे गेज काढून उजेडात नेऊन वाचता येतो.

बाहेरून जाड रबराचं आवरण आहे का? तुमच्या हातून तो कधीतरी पडणारच आहे. हे आवरणच त्याचं आयुष्य वाढवतं.

डायल किती मोठी आहे? दोन-अडीच इंची डायलवर एकेक पीएसआयची खूण वाचता येते. रुपयाएवढ्या डायलवर अंदाजच करावा लागतो.

ग्लिसरीन भरलेले गेज दिसायला भारदस्त असतात. ते द्रव सतत थरथरणाऱ्या यंत्रांवर काटा स्थिर ठेवण्यासाठी असतं. टायर मोजताना थरथर नसते, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे देऊ नका. उलट पूर्ण बंद डब्याचा गेज उन्हात किंवा उंचावर नेला तर डब्यातल्या दाबामुळेच काटा थोडा हलतो.

घरी आणल्यावर परीक्षा

पहिली परीक्षा सातत्याची. सकाळी कारच्या एकाच टायरवर पाच वेळा मोजा आणि लिहून ठेवा. पाचही आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत असले तर गेज सरळ माणूस आहे. ३१, ३४, ३२ असा नाचत असेल तर दुकानदाराला परत करा. ही परीक्षा स्कूटरवर करू नका. तिच्या टायरमध्ये हवाच थोडी, प्रत्येक मोजणीला जी फुस्स होते त्यानेच आकडा उतरतो.

दुसरी परीक्षा खरेपणाची. यासाठी खात्रीचं माप हवं. देशाचं मूळ माप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपलेलं असतं आणि एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळा त्या मापाशी जुळवून घेतात. इथे पीन्या औद्योगिक वसाहतीत अशा प्रयोगशाळा आहेत. पुणे-पिंपरी, नाशिक, संभाजीनगर अशा कारखानदारीच्या शहरांतही मिळतील. एका गेजसाठी हा खर्च जास्त वाटेल. म्हणून सुचवतो की सोसायटीने मिळून एक चांगला डायल गेज घ्यावा, तो कॅलिब्रेट करून घ्यावा आणि वॉचमनच्या केबिनमध्ये न ठेवता एखाद्या जबाबदार सदस्याकडे ठेवावा. बाकीच्यांनी आपापले गेज वर्षातून एकदा त्याच्याशी ताडून पाहावेत.

ताडून पाहिल्यावर जो फरक निघेल तो चिकटपट्टीवर लिहून गेजच्या पाठीला लावा. "३३ ला १ जास्त दाखवतो." संपलं. आता हा गेज तुमच्यासाठी अचूक आहे.

मोजायचं कधी आणि कसं

उत्तम गेज चुकीच्या वेळी वापरला तर काही उपयोग नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो आकडा लिहिलेला असतो तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही. टायरवर छापलेला कमाल आकडा हे आपलं लक्ष्य नाही. त्या स्टिकरवर बहुधा दोन ओळी असतात, कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. दिवाळीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन बेंगळुरूहून कोल्हापूर किंवा पुणे गाठणार असाल तर दुसरी ओळ वाचा.

पहाटे, ऊन यायच्या आधी मोजा. तापमान ६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. नागपुरात मे महिन्यात पहाट आणि दुपार यांत १५ अंशांचा फरक असतो, म्हणजे अडीच पीएसआय उभ्या गाडीतच वाढले.

अडचण अशी की गेज घरी आणि हवा पेट्रोल पंपावर. पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम. त्यावर दोन उपाय आहेत.

एक, फरक भरणं. घरी थंड टायर २९ दाखवतो, हवेत ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर तुमच्याच गेजने मोजलं, आता ३२ दाखवतो. तर ३२ अधिक ४, म्हणजे ३६ पर्यंत भरा. पंपावरच्या मुलाला ३६ ऐकून आश्चर्य वाटेल. वाटू द्या.

दोन, जास्त भरून सोडणं. पंपावर दोन-तीन पीएसआय जास्त भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर गेज लावून हवा सोडायचं बटण हळूहळू दाबा. काटा बरोबर ३३ वर आला की थांबा. हे सर्वांत अचूक होतं.

गरम टायर मोजून "३८ झाले, जास्त आहेत" म्हणून हवा मात्र कधीही काढू नका.

घरी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका. हवा चालू असताना तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही. बंद करा, थांबा, मग आपल्या गेजने मोजा. डिजिटल गेज असेल तर आधी मोकळ्या हवेत सुरू करून शून्य दिसतं का ते बघा आणि मगच व्हॉल्व्हला लावा. काही गेज सुरू होताना जो दाब असेल त्यालाच शून्य धरतात.

एककांचा गोंधळ नको. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १४.२, आणि १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. स्टिकरवर २.३ बार असेल तर ३३ पीएसआय.

उंचीवरचा खेळ

बेंगळुरूकरांसाठी आणि लडाखला गाडी नेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. गेज टायरमधला पूर्ण दाब दाखवत नाही. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे एवढंच तो दाखवतो. समुद्रकाठी बाहेरची हवा १४.७ पीएसआयने दाबते. बेंगळुरू सुमारे ९२० मीटर उंच, इथे ती १३.२ च्या आसपास. म्हणजे मुंबईत भरलेला टायर तापमान तेच राहिलं तर इथे दीड पीएसआय जास्त दाखवेल. पण तापमान तेच राहत नाही. मुंबईत २८ अंश आणि इथे पहाटे १८ अंश असले तर थंडीमुळे दाब जवळपास तेवढाच उतरतो आणि गेज पुन्हा ३३ दाखवतो.

लेहला हेच मोठ्या प्रमाणावर होतं. उंची ३५०० मीटर, बाहेरचा दाब साडेनऊच्या आसपास. पठाणकोटला ३५ अंशांत ३३ भरून निघालात आणि लेहला पहाटे ५ अंशांत मोजलं, तर गणिताने पुन्हा ३३ च्या जवळच येतं. पण तिथे पोहोचल्यावर दुपारच्या २५ अंशांत मोजलं तर ३६ दिसतं. नवखा माणूस घाबरून ३ काढतो. दुसऱ्या पहाटे टायर ३० वर असतो आणि पुढे खडबडीत घाट. म्हणून उंचावरही नियम तोच: पहाटे, थंड टायर, आपला गेज, आणि मगच निर्णय.

गेज टिकवायचा कसा

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली, जुन्या मोज्यात घालून ठेवा. जॅक आणि पान्यांच्या पिशवीत टाकू नका, तिथेच तो ठेचला जातो. वापरण्याआधी व्हॉल्व्हचं तोंड फडक्याने पुसा, नाहीतर माती थेट गेजमध्ये जाते. डिजिटल असेल तर बॅटरी वर्षाला बदला. आणि गेज काँक्रीटवर पडला की तो दिसायला ठीक असला तरी पुन्हा पाच वेळा मोजून, दुसऱ्या गेजशी ताडून पाहा. तोवर त्याच्यावर विश्वास नको.

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी चारही टायर आणि स्टेपनी मोजा. टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना २०२० पासून स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. ज्यांच्याकडे स्टेपनी नाही त्यांनी तर आणखी काटेकोर राहावं. आकडे एका छोट्या वहीत लिहा. तीन महिन्यांनी वहीच सांगेल की मागचा डावा टायर दर महिन्याला इतरांपेक्षा दोन पीएसआय जास्त उतरतो. मग व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, किंवा पंक्चरवाल्याकडे जा. हायवेवर रात्री जे कळलं असतं ते घराच्या पार्किंगमध्ये कळलं.

तर मंडळी, माझा सल्ला एका ओळीत: ० ते ६० पीएसआयचा, दोन-अडीच इंची डायलचा, पितळी तोंडाचा, लवचिक नळीचा, हवा सोडायच्या बटणाचा आणि रबरी आवरणाचा गेज घ्या, त्याची चूक शोधून त्याच्या पाठीवर लिहा, आणि पहाटे वापरा.

पुढच्या भागात टायरचं वय कसं ओळखायचं आणि नक्षी शिल्लक असतानाही टायर कधी बदलायचा ते पाहू. तोवर उद्या सकाळीच आपल्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून ठेवा.

जय हिंद.